शॅम्पेनची तळघरं मैत्रिणीसोबत बघताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या मे महिन्यात मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण सुट्टी काढून फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात चार दिवस राहून आलो. मी दिंडोरी तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे. ती पुण्यात शिक्षिका आहे आणि दारूच्या थेंबाला कधी शिवलेली नाही. परत आल्यापासून नातेवाईक, शेजारचे बागाईतदार, तिच्या शाळेतल्या बाई असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे.

शॅम्पेन हे जागेचं नाव की दारूचं?

मूळ नाव जागेचं. पॅरिसच्या ईशान्येला साधारण दीडशे किलोमीटरवर हा प्रांत आहे. तिथल्या नेमून दिलेल्या सुमारे ३४,००० हेक्टर बागांतली द्राक्षं, नेमून दिलेली पद्धत आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवणं, एवढं सगळं जुळलं तरच बाटलीवर शॅम्पेन लिहिता येतं. बाकी जगातली ती फसफसणारी वाइन, म्हणजे स्पार्कलिंग. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये फोडतात ती बाटली बहुतेक वेळा शॅम्पेन नसते.

तळघरं कुठे आहेत? पॅरिसहून एका दिवसात होतं का?

मुख्य ठिकाणं दोन : रँस आणि एपर्ने. रँसचं स्पेलिंग बघून आपण रीम्स म्हणतो, पण स्टेशनवर तसं विचारलं तर समोरच्याला पटकन कळत नाही. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून वेगवान गाडीनं रँस पाऊण तासावर आहे. एपर्नेला साधी गाडी जाते, तिला सव्वा तासाच्या आसपास लागतो. म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत येणं अगदी शक्य आहे. तरी निदान एक रात्र तिथे राहा. संध्याकाळी पॅरिसच्या गाड्या निघून गेल्या की या गावांना स्वतःचा आवाज येतो.

तिकीट काढताना एक गोष्ट नीट बघा. रँस शहराच्या मधोमध एक स्टेशन आहे आणि शहराबाहेर शॅम्पेन-आर्देन नावाचं दुसरं. वेगवान गाड्या दोन्हीकडे थांबतात. मी घाईत बाहेरच्या स्टेशनचं तिकीट काढलं होतं. तिथून ट्रामनं शहरात येईपर्यंत आमची साडेदहाची इंग्रजी फेरी निघून गेली. काउंटरवरच्या मुलीनं आम्हांला दुपारच्या फ्रेंच फेरीत बसवलं.

फ्रेंच येत नसेल तर काही कळतं का?

बहुतेक मोठ्या घराण्यांत इंग्रजी फेऱ्या असतात, बुकिंग करताना भाषा निवडायची. (तिथे वाइन बनवणाऱ्या कंपनीला मेझों म्हणतात. मेझों म्हणजे घर, पण आपल्याकडे घराणं म्हणतो तोच अर्थ जवळचा, म्हणून मी तोच शब्द वापरते.)

आमच्या त्या फ्रेंच फेरीत मला एक वाक्य धड समजलं नाही. पण ऐकायला काही नव्हतं म्हणून आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. भिंतीवर कुदळीचे तिरपे घाव होते, एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत. मैत्रिणीनं त्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाचं टोक पांढरं झालं होतं. ती म्हणाली, "अगं, हा खडू आहे. मी रोज हातात धरते तो." वीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला तो स्पर्श लगेच ओळखू आला. मी तोवर त्याला चुनखडीचा दगड समजत होते.

ही तळघरं कुणी खोदली? वाइनसाठीच का?

रँसमधली सगळ्यात जुनी तळघरं वाइनसाठी खोदलेलीच नाहीत. त्या खडूच्या खाणी आहेत. रोमन काळापासून आणि पुढे मध्ययुगात तिथून बांधकामासाठी खडूचे ठोकळे काढले गेले. त्या खाणींना क्रेयेर म्हणतात. शहराच्या दक्षिणेला सँ-निकेझ टेकडीच्या पोटात त्या शेकड्यांनी आहेत.

त्यांचा आकार समजायला मराठी माणसाला फार सोपं आहे, कारण आपल्याकडे पेव होतं. जुन्या वाड्यांत धान्य साठवायला जमिनीत खोदलेलं, तोंड अरुंद आणि तळ ऐसपैस. क्रेयेर तशीच असते, फक्त तीस-तीस मीटर खोल. वरून छोटं भोक पाडायचं आणि खाली जाताना रुंद करत जायचं. तोंड लहान ठेवलं की पाऊस आणि हिवाळ्यातलं हिमदव आत कमी जातं आणि खडू फुटत नाही. तळाशी उभं राहून वर बघितलं की फार उंचावर उजेडाचा एक चौकोन दिसतो. आमच्या चुलत आजोबांच्या वाड्यातल्या पेवात मला लहानपणी डोकावू देत नसत, आत वायू धरतो म्हणून. त्या दिवशी मी पेवाच्या तळाशी उभी होते.

खाणी बंद पडल्या आणि पडून राहिल्या. पुढे घराण्यांच्या लक्षात आलं की आत बारा महिने तापमान १० ते १२ अंशांवर स्थिर असतं, हवा दमट असते, उजेड नसतो आणि वर रस्त्यावर गाडी गेली तरी खाली हादरा जाणवत नाही. वाइन मुरायला याहून चांगली जागा माणसानं बांधून झाली नसती. रुइनार हे १७२९ साली स्थापन झालेलं, सगळ्यात जुनं शॅम्पेन घराणं. त्याची वाइन याच खाणींत मुरते. पोमरी घराण्याच्या लुईझ पोमरी बाईंनी तर एकोणिसाव्या शतकात अशा १२० खाणी एकमेकींना बोगद्यांनी जोडून घेतल्या. तिथे ११६ पायऱ्या उतरून खाली जायचं आणि खाली १८ किलोमीटर लांबीचे बोगदे. भिंतींवर खडूतच कोरलेली मोठी शिल्पं आहेत.

एपर्नेची गोष्ट वेगळी. तिथली तळघरं वाइनसाठीच खोदलेली आहेत, बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. मोएत ए शांदों या एकट्या घराण्याची २८ किलोमीटर आहेत. आव्हन्यू द शॅम्पेन नावाच्या रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंना मोठमोठे वाडे दिसतात, पण खरी मालमत्ता तुमच्या चपलांखाली असते. २०१५ साली युनेस्कोनं रँसची ती सँ-निकेझ टेकडी, हा रस्ता आणि जवळच्या बागा मिळून जागतिक वारशात घेतल्या.

युद्धात लोक या तळघरांत राहत होते, हे खरं का?

खरं आहे. पहिल्या महायुद्धात रँस आघाडीच्या अगदी जवळ होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये तोफांच्या माऱ्यानं तिथलं कॅथेड्रल पेटलं आणि मारा पुढे कित्येक महिने थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. मागे राहिलेली माणसं तळघरांत उतरली. तिथेच चुली, तिथेच अंथरुणं, तिथेच दवाखाने. मुलांच्या शाळासुद्धा तळघरांत भरल्या.

हे ऐकल्यावर मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं गाईडला विचारलं की तिथे फळा कशाचा होता. गाईडला उत्तर माहीत नव्हतं, पण म्हणाली की आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला तिच्याबरोबर प्रवास करायला आवडतं ते यासाठीच.

आत नेमकं काय दाखवतात?

साधारण तासाभराची फेरी असते. आधी थोडी कहाणी किंवा चित्रफीत, मग खाली उतरणं, बोगद्यांतून चालणं, शेवटी वर येऊन एक किंवा दोन पेले. मर्सिए घराण्यात छोट्या रेल्वेगाडीतून फिरवण्याची पद्धत आहे. तिथे एक अवाढव्य लाकडी पीप आहे, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी चोवीस बैल लावून एपर्नेहून पॅरिसपर्यंत ओढत नेलेलं.

पण डोळे उघडे ठेवून बघायची गोष्ट आहे ती बाटलीतलं काम. आधी साधी वाइन तयार होते, फेस नसलेली आणि चांगलीच आंबट. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या वर्षांची वाइन मिसळून घराण्याची ठरलेली चव जुळवतात. मग बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण लावतात. यीस्ट साखर खातं, वायू तयार होतो. बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतला दाब सहा बारच्या आसपास जातो, म्हणजे गाडीच्या टायरच्या अडीच-तीन पट. जुन्या काळी साखरेचा अंदाज चुकला की बाटल्या फुटायच्या. एक फुटली की शेजारची, तिच्यामागे पुढची. कामगार तोंडावर लोखंडी मुखवटा चढवून आत जायचे. १८३६ साली शालों गावच्या झां-बातिस्त फ्रांस्वा या औषधविक्रेत्यानं साखर किती घालावी हे मोजायची रीत बसवली, तेव्हा हे प्रमाण कमी झालं.

यीस्ट मेलं की बाटलीत गाळ उरतो. त्या गाळावरच वाइन मुरते. साधी शॅम्पेन भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात ठेवावीच लागते आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर किमान ३ वर्षं. चांगली घराणी त्याहून जास्त ठेवतात.

मग तो गाळ काढायचा. त्यासाठी भोकं पाडलेल्या, ए अक्षरासारख्या उभ्या लाकडी फळ्या असतात. त्यांना प्युपित्र म्हणतात. बाटली भोकात आडवी खोचायची, रोज थोडी फिरवायची आणि तोंड खाली ठेवून थोडी उभी करायची, म्हणजे काही आठवड्यांत गाळ घसरत झाकणापाशी येतो. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रातले मोठे पिंजरे आठवड्याभरात करतात. पण एका छोट्या शेतकऱ्याच्या तळघरात मला ते हातानं बघायला मिळालं. सत्तरीचे गृहस्थ होते. दोन्ही हातांनी दोन बाटल्यांचे तळ धरायचे, मनगटाला एक झटका, खट्, आणि पुढच्या दोन. बाटलीच्या बुडावर पांढऱ्या रंगाची खूण होती, किती फिरवली ते कळायला. त्यांनी एक बाटली काढून दिव्यासमोर धरली. आत पिठीसारखा गाळ होता. बाटली हलताच तो धुरासारखा उठला आणि पुन्हा काचेवरून खाली सरकायला लागला. सराईत माणूस दिवसाला ४०,००० बाटल्या फिरवतो म्हणतात. आमच्याकडे मण्यांची विरळणी करणाऱ्या बायकांचे हात मी बघितले आहेत. त्या गृहस्थांचे हात तसेच चालत होते, डोळ्यांची गरज नसल्यासारखे.

शेवटी बाटलीचं तोंड उणे २७ अंशांच्या द्रावणात बुडवतात, गाळाचा बर्फ होतो, झाकण उघडलं की दाबानं तो उडून पडतो. मोकळ्या जागेत थोडी वाइन, हवी तेवढी साखर, आणि मग खरं बूच.

सोबतची व्यक्ती दारू घेत नसेल तर जाण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि माझं उत्तर ठाम आहे : जरूर जा. आमची सहल तिच्याच हट्टानं ठरली होती. तिला ते भुयार बघायचं होतं.

पेला नाकारण्यात काहीही संकोच नाही. "नॉं, मेर्सी" म्हटलं की झालं, कुणी आग्रह करत नाही. बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी आणि न घेणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस देतात. आधी ईमेलवर कळवलं तर नक्की सोय होते. काही घराण्यांत न पिणाऱ्यांसाठी तिकीट स्वस्त असतं, तेही विचारून घ्या.

माझा अनुभव सांगते. मी पेल्याकडे बघत होते तेव्हा ती भिंतींकडे, माणसांकडे, पाट्यांकडे बघत होती. संध्याकाळी खोलीवर तिच्या वहीत जे होतं, त्यातलं अर्धं माझ्या नजरेतून निसटलं होतं. तळघरात एक पिणारं आणि एक न पिणारं अशी जोडी मला आता सगळ्यात चांगली वाटते.

एका दिवसात किती तळघरं बघावीत?

दोन. सकाळी एक, दुपारी एक. तिसऱ्यात गेल्यावर सगळे बोगदे सारखे वाटायला लागतात आणि पेल्यांचीही चव कळेनाशी होते. दुपारी बारा ते दोन बऱ्याच ठिकाणी जेवणाची सुट्टी असते, ती धरूनच आखा.

मोठी घराणी की छोटे शेतकरी?

एक मोठं आणि एक छोटं, हा माझा आग्रह आहे. मोठ्या घराण्यात इतिहास, खोली, भव्यता मिळते. पण तिथे तुम्ही वीस जणांतले एक असता. एका नावाजलेल्या ठिकाणी आम्हांला इतकं घाईनं पुढे नेलं की मैत्रिणीचा प्रश्न अर्ध्यावरच राहिला, आणि त्या फेरीचे पैसे सगळ्यात जास्त होते. मला त्याचं वाईट वाटलं.

छोट्या शेतकऱ्याकडे तळघर साधं असतं, कधी नुसतं घराखालचं. पण जो छाटणी करतो तोच पेला भरतो. या प्रांतात बहुतेक बागा शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत आणि मोठी घराणी त्यांच्याकडून द्राक्षं विकत घेतात. आपल्याकडे वायनरी आणि बागाईतदार यांचं जसं आहे तसंच. तिथेही भावावरून झगडे झालेत. बाहेरची स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेन बनवतात म्हणून १९११ साली शेतकरी भडकले आणि आई गावात व्यापाऱ्यांची तळघरं फोडली, जाळली. गावाचं नाव खरंच आई आहे, उच्चारही तसाच.

बाटलीवर बारीक अक्षरांत एक खूण असते. आर-एम म्हणजे स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतःच वाइन करणारा शेतकरी. एन-एम म्हणजे द्राक्षं विकत घेणारं घराणं. दुकानात बाटली उचलली की मी आधी तेच बघते.

बुकिंग आणि खर्च?

मोठ्या घराण्यांचं बुकिंग त्यांच्या संकेतस्थळावर, निदान तीन-चार आठवडे आधी करा. एका पेल्याची साधी फेरी साधारण २५-३० युरोपासून सुरू होते आणि मोठ्या नावांकडे सत्तरच्या पुढेही जाते. छोट्या शेतकऱ्याला ईमेल करा, वेळ ठरवा आणि वेळेवर पोहोचा. तिथे दोन बाटल्या विकत घेणं ही शिष्टाचाराची गोष्ट आहे. रविवारी बरेच जण बंद असतात आणि काढणीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, त्यांना बोलायला उसंत नसते.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर चालवणाऱ्यानं पिऊ नये. रँस, एपर्ने आणि आसपासचं बरंचसं रेल्वे, सायकल आणि पायी होतं.

आई-बाबांना, लहान मुलांना नेता येतं का? कपडे कसे?

मे महिन्यातसुद्धा खाली स्वेटर लागतो. पायाखाली ओल असते, त्यामुळे घट्ट बसणारे बूट घाला. गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांची संख्या आधीच विचारा, काही ठिकाणी लिफ्ट आहे. मुलांना आत नेऊ देतात.

चव कशी घ्यायची? थुंकणं असभ्य नाही का?

अजिबात नाही. टेबलावर त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं आणि जाणकार तेच करतात. दिवसात दोन ठिकाणी चार पेले चाखायचे असतील तर तेच शहाणपणाचं.

पहिल्यांदा घेणाऱ्याला बहुतेक वेळा ही वाइन फार आंबट वाटते. मग लेबल वाचायला शिका. ब्रूत म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ब्रूत नात्यूर म्हणजे वरून साखर घातलेलीच नाही. एक्स्ट्रा ड्राय हे नाव फसवं आहे, ती ब्रूतपेक्षा गोड असते. गोडच आवडत असेल तर दमी-सेक मागा, तिच्यात ३२ ते ५० ग्रॅम असते. ब्लां द ब्लां ही पांढऱ्या द्राक्षांची, बहुतेक शार्दोनेची. ब्लां द न्वार ही काळ्या द्राक्षांची, पिनो न्वार किंवा मनिएची. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच असतो, रंग सालीत असतो. साल भिजू न देता हलकेच दाबून रस काढतात.

पेला हातात आला की लगेच तोंडाला लावू नका. पाव मिनिट थांबा, वास घ्या. मुरलेल्या शॅम्पेनला भाजलेल्या पावासारखा वास येतो, तो त्या मेलेल्या यीस्टचा.

दोम पेरिन्यों या साधूनं शॅम्पेन शोधली ना?

नाही. दोम पिएर पेरिन्यों १६६८ पासून १७१५ मध्ये वारेपर्यंत ओव्हिलेरच्या मठात कोठाराची व्यवस्था बघत होते. वेगवेगळ्या बागांची द्राक्षं मिसळण्यात त्यांचा हात फार चांगला होता. पण फेस हा त्यांच्या काळात दोष मानला जाई आणि तो टाळण्याचाच प्रयत्न असे. तारे पितो आहे वगैरे जे वाक्य त्यांच्या नावावर खपवतात ते नंतर चिकटवलेलं आहे. त्यांची समाधी ओव्हिलेरच्या चर्चमध्ये आहे, काळी साधी शिळा. एपर्नेहून सहा-एक किलोमीटरचा चढ आहे. आम्ही चालत गेलो. मठापासून खाली मार्न नदीचं खोरं आणि चारही बाजूंना बागा दिसतात.

बाटलीवर 'व्हव' लिहिलेलं असतं ते काय?

व्हव म्हणजे विधवा. बार्ब-निकोल क्लिको १८०५ साली, २७ व्या वर्षी विधवा झाल्या आणि नवऱ्याचा व्यवसाय त्यांनी हाती घेतला. तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय धंदा करता येत नसे, विधवेला येई. गाळ खाली आणण्याच्या त्या फळ्यांची पद्धत त्यांच्याच तळघरात बसली असं मानतात. लुईझ पोमरीही विधवाच. त्यांनी १८७४ ची वाइन कमी साखरेची काढली, जेव्हा बाजाराला फार गोड शॅम्पेनची सवय होती. आज सगळीकडे विकली जाते ती ब्रूत त्यातूनच रुळली.

माझे आजोबा गेले तेव्हा आजी बत्तीस वर्षांची होती. पहिली बाग तिनं लावली. क्लिको घराण्याच्या तळघरात मला तिची फार आठवण आली.

द्राक्षबागा बघता येतात का? नाशिकपेक्षा काय वेगळं?

येतात, आणि बघायलाच हव्यात. पायवाटा बागांमधून जातात, कुंपणं जवळजवळ नाहीत. फक्त घड तोडू नका.

मला पहिल्यांदा धक्का बसला तो उंचीचा. आपल्याकडे वेल मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारावर चढवतात, माणूस खाली उभा राहून काम करतो. तिथे वेल कंबरेपर्यंत, ओळी इतक्या जवळ की हेक्टरी आठ हजारांच्या आसपास झाडं. आपल्याकडे एकरी हजार धरा, म्हणजे तिथे तिप्पट दाटी. सगळं काम वाकून. काढणी हातानंच करायची, यंत्राला परवानगी नाही, कारण घड अख्खा दाबावा लागतो.

आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि पीक एकच घेतो. त्यांची वेल हिवाळ्यात स्वतःच झोपते, त्यामुळे छाटणी एकदाच. आपल्याला अवकाळी पाऊस आणि गारपीट छळते, त्यांना एप्रिलमधलं हिमदव. कोंब फुटलेले असताना पारा शून्याखाली गेला की रात्रभर ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवून बसतात. डाऊनी, म्हणजे द्राक्षाचा बुरशीचा रोग, मात्र त्यांनाही आहे, आणि त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिचं नाव काढताच तोंड केलं ते हुबेहूब माझ्या वडिलांसारखं.

एक सारखी गोष्ट मुळाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा किडीनं तिथल्या बागा बसल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम. आपला डॉगरिज खुंटही अमेरिकनच. मुळं तिथे खडूत खोल जातात. खडू पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडतो. वर वेलीला पाणी देणारा आणि खाली वाइन मुरवणारा खडू एकच.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

पाव, चीज, सॅलड, बटाटे यांवर निभतं. कडक शाकाहारी असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा : पारंपरिक चीजमध्ये जनावराच्या पोटातलं विरजण असतं, आणि काही वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. लेबलवर व्हीगन लिहिलेल्या बाटल्या मिळतात. रँसची गुलाबी बिस्किटं प्रसिद्ध आहेत, पण त्यांत अंडं असतं. आम्ही नाशिकचा चिवडा नेला होता. खोलीवर ब्रूतबरोबर तो मला तिथल्या कुठल्याही खारवलेल्या पदार्थापेक्षा चांगला लागला.

मग नाशिकमध्येच का बघू नये?

तेही बघा. दिंडोरीजवळ शांदोंची वायनरी आहे, तिथे याच पद्धतीनं, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून स्पार्कलिंग बनते. सुलाही बनवते. त्याआधी नारायणगावच्या इंडाजनं १९८० च्या दशकात ओमर खय्याम नावानं अशी वाइन काढून परदेशी पाठवली होती. पद्धत समजायला नाशिक पुरेसं आहे. आपल्याकडे थंडावा यंत्रानं आणावा लागतो, तिथे तो दगडात आहे. तेवढा फरक अनुभवायचा असेल तर तिकडे जावं लागतं.

बाटल्या भारतात आणता येतात का? आणून कधी उघडायच्या?

प्रौढ माणसाला सध्या २ लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. हातातल्या सामानात चालत नाहीत, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवा. विमानात दाबानं फुटेल ही भीती सोडा, काच त्यासाठीच जाड असते.

घरी आल्यावर मात्र वाट बघू नका. साधी शॅम्पेन घराण्यानं मुरवूनच विकायला काढलेली असते, आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवून ती सुधारत नाही, बिघडते. काही आठवड्यांत उघडणार नसाल तर फ्रीजच्या तळाशी आडवी ठेवा.

उघडताना तारेची कडी सहा अर्धे वळसे फिरवून सैल करा, अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांकडे नको. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही. मोठा आवाज आला तर बरीच वाइन फेसात वाया जाते. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उघडली तेव्हा नुसता सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला, आणि पहिला पेला त्यांनी माझ्या मैत्रिणीच्या हातात दिला, वास घ्यायला.